कॅमेऱ्याला पाठ नसते तेव्हा: ३६० अंशाच्या कॅमेऱ्याची गोष्ट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

कोल्हापुरातून बोलतोय. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "ते काठीवरचं दोन डोळ्यांचं यंत्र काय असतंय रे?" तर आज त्याच्याबद्दलच.

कोल्हापूरला कॅमेरा काही नवा नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण येता-जाता बघतोच. पण तिथपासून आजच्या मोबाइलपर्यंत एक गोष्ट कायम होती. कॅमेऱ्याला पुढची बाजू होती आणि मागची बाजू होती. मागं उभा राहणारा चित्रात येत नव्हता. ३६० कॅमेऱ्यानं नेमकं हेच बदललं.

आत काय चालतं?

यंत्र तळहाताएवढं. पुढं एक भिंग, पाठीला एक. दोन्ही फुगीर, 'फिशआय' म्हणतात तशी. प्रत्येक भिंग १८० अंशांपेक्षा थोडं जास्तच बघतं, म्हणजे कडेला दोघांचं चित्र एकमेकांवर येतं. त्या पट्ट्यात सारख्या खुणा शोधून सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं शिवतं. गोधडीचे दोन तुकडे जोडावेत तसं. साध्या ग्राहकासाठी असा कॅमेरा रिकोनं २०१३ साली 'थीटा' नावानं आणला आणि मग बाकीचे आले.

काठी गायब कशी होते, हा हमखास प्रश्न. काठी दोन्ही भिंगांच्या बरोबर मधोमध, शिवणीखाली येते, म्हणून दिसत नाही. सावली मात्र पडते बरं का! उन्हात बघा, फोटोत काठी नाही पण जमिनीवर तिची सावली आहे.

खिद्रापुरात काय चुकलं

मी पहिला प्रयोग केला शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला, कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात. ४८ खांब, वर छताला साधारण १३ फुटांचा गोल मोकळा भाग, खाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवती आपापल्या दिशेला कोरलेले दिक्पाल. साध्या कॅमेऱ्यात आभाळ घेतलं तर शिळा सुटते, शिळा घेतली तर आभाळ. म्हटलं, ३६० साठी यापेक्षा चांगली जागा कुठली?

पहिला फोटो बिघडला. मी एका खांबाला खेटून उभा होतो आणि तो खांब नेमका शिवणीवर आला. फोटोत मधूनच तुटून बाजूला सरकलेला! कारण सोपं आहे. एक डोळा झाकून नाकासमोर बोट धरा, मग दुसरा झाका. बोट उडी मारतं, लांबची भिंत जवळजवळ हलत नाही. दोन भिंगांत काही सेंटीमीटरचं अंतर असतं, म्हणून जवळची वस्तू दोघांना वेगवेगळ्या जागी दिसते आणि शिवण जुळत नाही. मग मी शिळेच्या मध्यावर गेलो. कुठलाच खांब अगदी जवळ राहिला नाही, आणि चित्र जुळलं.

घरी संगणकावर फाइल उघडली, तर वरचा गोल कुठंच नाही! माथ्यावर नुसता आडवा निळा पट्टा. गोलावरची जागा सपाट कागदावर पसरली की असंच होतं. जगाच्या नकाशात ग्रीनलंड उगाच अवाढव्य दिसतं ना, तसं. बघायच्या ॲपमध्ये टाकल्यावर गोल परत जागेवर आला.

आणखी एक. '५.७के' वाचून भुलू नका. ते ५,७६० पिक्सेल अख्ख्या ३६० अंशांत वाटले जातात. एका वेळी तुम्ही ९० अंश बघत असाल, तर वाट्याला येतात १,४४०. दिक्पालांची बारीक नक्षी हवी असेल तर साधा कॅमेराही सोबत न्या.

आणि आता खरं सांगायचं ते

परतल्यावर संध्याकाळी पंचगंगा घाटावर एक फोटो घेतला. माझं लक्ष समोरच्या दीपमाळांकडं. घरी फोटो मागं फिरवून बघितला, तर पायऱ्यांवर एक कुटुंब बसलेलं. मुंडण केलेला पोरगा, पुढ्यात पिंड. त्यातल्या एक मावशी थेट माझ्या काठीकडं बघत होत्या.

मी त्यांच्याकडं पाठ करून उभा होतो. साधा कॅमेरा असता तर त्या माझ्या फोटोत आल्याच नसत्या. आणि मी त्यांच्याकडं कॅमेरा रोखला असता, तर त्यांना निदान 'नको' म्हणता आलं असतं. इथं कॅमेरा कुणाकडं बघतोय हे त्यांना कळायची सोयच नाही, आणि मलाही कळलं नाही.

फोटो पुसून टाकला. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये चेहरे आणि नंबरप्लेट पुसट केल्या जातात. २०२२ साली भारतात ते नव्यानं सुरू झालं तेव्हा पहिल्या १० शहरांत मुंबई, पुणे, नाशिक होती, कोल्हापूर नव्हतं. पण तुमच्या-माझ्या काठीवरचा कॅमेरा असलं काही आपणहून करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

आता मी एक सवय लावून घेतलीय. बटण दाबायच्या आधी जागेवरच एक पूर्ण गिरकी घ्यायची, डोळे उघडे ठेवून. मागं कोणी असेल तर जाऊन विचारायचं. कॅमेरा दाही दिशांना बघणार असेल, तर त्याआधी आपणही बघायला पाहिजे. एवढंच.

तुमचा अनुभव कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!