कर्बल स्पेस प्रोग्राममधील अवाढव्य भाराचे प्रक्षेपण
कर्बल स्पेस प्रोग्राम या अंतराळ-सदृशीकरण खेळात अग्निबाणापेक्षा रुंद भार कक्षेत नेणे हे अवघड काम समजले जाते. खेळातील कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर असून त्याचे वातावरण ७० किलोमीटरवर संपते. जादा इंजिने जोडून वजन उचलता येते. खरी अडचण आकाराची असते. रुंद अग्रभागावर हवेचा रोध वाढला की दाबकेंद्र वस्तुमानकेंद्राच्या पुढे जाते आणि यान उलटते. यासाठी तळाशी पंख लावतात व दाट हवेत यानाचे नाक गतीच्या दिशेतच ठेवतात.

एप्रिल २०१५ मधील १.० आवृत्तीपूर्वी वायुरोध भागांच्या वस्तुमानावरून मोजला जात असल्याने निमुळते नाक जवळजवळ शोभेचेच होते. या आवृत्तीत नवे वायुगतिक प्रारूप आणि भाराभोवती बसवायचे फेअरिंग आले. विरळ हवेत पोहोचताच ते टाकून दिल्यास वजन वाचते. प्रत्यक्षातही हवेचा मारा निर्णायक ठरतो: १९७३ मध्ये सॅटर्न ५ वरून सोडलेल्या स्कायलॅबचे उल्कारोधक कवच उड्डाणानंतर सुमारे मिनिटभरात उखडले गेले.

भार अखंड नेणे अशक्य असल्यास २०१२ मधील ०.१८ आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या डॉकिंगद्वारे त्याचे भाग कक्षेतच जोडता येतात.