जुन्या विमानाचा नंबर आणि कागद

जुने यंत्र घेताना आमचे कुर्ला-साकीनाक्याचे व्यापारी आधी नंबरपट्टी पाहतात, मग भाव करतात. विमानाच्या बाबतीतही हाच दस्तूर आहे.

अंधेरीलगतचा जुहू विमानतळ १९२८ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि त्यांच्या बळावर देशात अनेक खासगी विमान कंपन्या उभ्या राहिल्या. डकोटाला दोन पिस्टन इंजिने, प्रत्येकी चौदा सिलिंडर व सुमारे १२०० अश्वशक्तीचे.

भारतीय नागरी विमानाचा नंबर ‘व्हीटी’ने सुरू होतो. याचा अर्थ ‘व्हाइसरॉयची टेरिटरी’ असे काहीजण सांगतात. प्रत्यक्षात ही अक्षरे आंतरराष्ट्रीय रेडिओ संकेतांच्या वाटपातून आली.

रंगवलेल्या नंबरावर मात्र विसंबू नये. २०१८ मध्ये हवाई दलाला भेट मिळालेल्या ‘परशुराम’ डकोटावर व्हीपी ९०५ असे लिहिले आहे. हा नंबर १९४७ साली श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा; त्याची आठवण म्हणून तो दिला. हे विमान त्याआधी ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही म्हणून नोंदलेले होते. हवाई दलाचे काम वेगळे, पण खासगी खरेदीदाराला अशी गफलत महागात पडेल.

एक विमान एकाच वेळी दोन देशांत नोंदवता येत नाही. म्हणून परदेशी विमान घेताना तिथली नोंद रद्द झाल्याचा दाखला हवाच. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र त्याहून वेगळे. कागद नसतील, तर उत्तम इंजिनालाही भंगाराचाच भाव येतो. तेव्हा बयाणा देण्यापूर्वी कारखान्याचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा, हे बरे.