फळ्याला दोन वायरी लागतात

झेंडावंदन उरकले, मुलांना खाऊ वाटून झाला आणि सारे गाव शाळेच्या मोठ्या वर्गात जमले. माझ्या बहिणीच्या सासरचे हे गाव. उसाचे बिल हाती आल्यावर घरटी वर्गणी काढून गावाने शाळेला टच फळा घेतला होता. दिसायला भिंतीवरचा मोठा टीव्ही, पण त्यावर बोटाने लिहिता येते, पुसता येते, चित्र सरकवता येते. नारळ फुटला. बाईंनी आपला लॅपटॉप आणून वायर जोडली आणि लॅपटॉपवरचे चित्र फळ्यावर झळकले. टाळ्या पडल्या. मग सरपंचांना बोटाने 'श्री' काढायला सांगितले. त्यांनी बोट टेकले, ओढले, पुन्हा टेकले. छे! मागून एक पोरगं ओरडलं, "बाई, ह्यो तर टीव्हीच हाय की!"

आबा म्हणून एक म्हातारे पुढेच बसले होते. ते म्हणाले, "एवढ्या पैशात एक जर्सी आली असती. दोन वेळ दूध तरी दिलं असतं."

त्या दिवसापासून फळ्यावर जुनी चादर पडली. दुकानदाराने फसवले, असे गावात बोलू लागले. वाचकहो, तुमच्याही गावात असा चादरीखालचा फळा असेल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. फळा बहुधा धडधाकट असतो. दुसरी वायर जोडलेली नसते, एवढेच.

तुम्ही विहिरीवरून रानात पाणी नेता, तेव्हा पाट एकाच दिशेने वाहतो. रानातले पाणी त्याच पाटाने विहिरीत परत येत नाही. लॅपटॉपपासून फळ्यापर्यंत जी चपट्या तोंडाची वायर जाते, तिला एचडीएमआय म्हणतात. ती या पाटासारखी आहे. लॅपटॉपचे चित्र आणि आवाज ती फळ्याकडे नेते. फळ्यावर बोट कुठे टेकले, ही खबर मात्र तिच्यातून परत येत नाही.

बोट टेकल्याचे फळ्याला कळते कसे, तेही पाहा. पुष्कळशा फळ्यांच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे जाळे काचेवर आडवेउभे पसरलेले असते. बोट टेकले की त्या जागचे किरण अडतात आणि फळ्याला ठिकाण समजते. म्हणून अशा फळ्यावर साधी काडीसुद्धा चालते. म्हणूनच चौकटीच्या कडेला धूळ साचली की फळा आपोआप रेघोट्या ओढू लागतो. कोरड्या मऊ फडक्याने कडा पुसत जा. असो. फळ्याला ठिकाण कळले, पण लॅपटॉपला कोणी सांगायचे? त्यासाठी परतीचा पाट हवा, आणि तो म्हणजे यूएसबीची वायर.

या वायरीचे एक टोक चपटे असते, ते लॅपटॉपमध्ये जाते. दुसरे बहुधा चौकोनी असते, प्रिंटरच्या वायरीला असते तसे. ते फळ्याच्या 'टच' लिहिलेल्या खाचेत बसवायचे. इथेच पुष्कळ जण चुकतात. फळ्याला चपट्या यूएसबी खाचाही असतात, पण त्या पेनड्राइव्हसाठी. त्यांत वायर खुपसून बोट चालत नाही. एचडीएमआयच्या खाचाही दोन जातींच्या असतात, 'इन' आणि 'आउट'. लॅपटॉपची वायर 'इन'मध्येच गेली पाहिजे. आणि 'इन' दोन-तीन असतील, तर प्रत्येकीची टचची खाच ठरलेली असते. जोडी मोडली तर चित्र येते, बोट चालत नाही, आणि माणूस डोके धरून बसतो. खाचांवरची अक्षरे बारीक असतात. मोबाइलची बॅटरी लावून वाचा, आणि एकदा जोडी जुळली की दोन्ही खाचांपाशी तेलरंगाचा एकेक ठिपका द्या.

मग फळ्याच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट'चे बटण दाबून वायर ज्या खाचेत लावली ती निवडा. तरी चित्र आले नाही तर लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरा, पी दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या लॅपटॉपला बोटाची भाषा सहसा आपोआप समजते. पहिल्या वेळी मिनिटभर थांबा, घाई करू नका. ॲपलच्या लॅपटॉपला फळ्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर लागू शकते.

कधी कधी बोट फळ्यावर टेकवावे आणि खूण लॅपटॉपच्या पडद्यावर हलावी, असा चमत्कार होतो. 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड' निवडले की असे घडते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज' आहे, तिथे 'सेटअप' दाबा. पडद्यावर सूचना येईल. ती फळ्यावर दिसली तर बोट टेकवा, लॅपटॉपवर दिसली तर एंटर दाबून पुढे जा.

शाळेला कोणी जुना संगणक दिला असेल तर त्याला निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची वायर असते. ती नुसते चित्र नेते. आवाजाला वेगळी वायर लागते आणि बोटासाठी यूएसबी आहेच. नव्या लॅपटॉपना टाइप-सी नावाची लहानशी खाच असते. फळ्यालाही तशी असेल तर एकाच वायरीत सगळे भागते, पण प्रत्येक टाइप-सी खाच चित्र पाठवत नाही आणि मोबाइलच्या चार्जरची वायर बहुधा या कामाची नसते. बिनवायरीनेही चित्र पाठवता येते. आमच्या खेड्यांतले नेट पाहता मी तरी वायरच पसंत करीन.

वायर किती लांब घ्यावी? यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नका, खबर वाटेतच विरते. बाईंचे टेबल फळ्याजवळ आणणे सोपे. वायरी भिंतीवर पट्टीत बंद करा, नाहीतर उंदरांची दिवाळी!

विजेचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, फळा काळा पडतो. इन्व्हर्टर घेण्याआधी फळ्याच्या मागे लिहिलेले वॅट वाचा. लॅपटॉपला हात लावताच झिणझिण्या आल्या तर काम थांबवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिथे मुले हात लावणार आहेत. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की फळ्याचा प्लग काढायचाच, लॅपटॉपही सोडवायचा.

आणखी एक. लॅपटॉपवर जे दिसते ते साऱ्या वर्गाला दिसते. बँकेचा निरोप, घरचे फोटो, सगळे. जोडण्याआधी ती पाने बंद करा.

एवढे जमले की फळ्याला कामे भरपूर आहेत. बालभारतीची पुस्तके नेटवर फुकट मिळतात. पाठ्यपुस्तकातला चौकोनी कोड घेऊन 'दीक्षा'वरचा धडा उघडता येतो. पुस्तकांत असे कोड घालण्याची वाट दाखवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. ग्रामसभेला ग्रामपंचायतीचा जमाखर्च याच फळ्यावर लावला, तर मागच्या रांगेतल्या बायकांनाही वाचता येईल.

आता त्या गावाचे सांगतो. तुळशीच्या लग्नानंतर मी पुन्हा गेलो. बाईंना विचारले, फळा लॅपटॉपशिवाय नुसता लावून पाहिलात का? या फळ्यांच्या पोटात स्वतःचा छोटा संगणक असतो, त्यावर बोट चालले तर फळा चांगला. चादर काढून लावला, आणि बोट सुरेख चालले! मग खोके शोधले. ते पोषण आहाराच्या खोलीत पोत्यांमागे पडले होते. थर्माकोलच्या खाचेत, न उघडलेल्या पिशवीत, चौकोनी टोकाची वायर तशीच होती.

जोडली. चौथीतल्या एका मुलीने आपले नाव लिहिले, मग सगळ्यांची झुंबड उडाली. आबा दारात उभे होते. बाईंनी त्यांना बोलावले, मोबाइलचे नेट लॅपटॉपला दिले आणि उपग्रहाने टिपलेले गाव फळ्यावर उघडले. आबांनी दोन बोटांनी आपले रान मोठे केले. विहीर सापडली, आंबा सापडला. तेवढ्यात त्यांचे भाऊबंद पुढे सरकून म्हणाले, "आबा, बांध आमच्याकडं सरकलेला दिसतोय." असल्या चित्रावरून बांध ठरत नाही, त्याला सरकारी मोजणीच लागते, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी आवाज चढले. बाईंनी हळूच नकाशा मिटला आणि बाराचा पाढा लावला.