क्योटोची देवळे आणि तिकीटखिडकी

क्योटो : ताकारागाइके तळ्याकाठी १९६६ साली आंतरराष्ट्रीय परिषद भवन उभे राहिले. हवामानबदलावरचा क्योटो करार १९९७ साली इथेच मंजूर झाला. सध्या आमची परिषद त्याच वास्तूत भरली आहे. चहाच्या सुट्टीत प्रतिनिधींमध्ये एकच विषय असतो, कोणते देऊळ किती वाजता बंद होते. बहुतेक देवळे साडेचार-पाचलाच दारे लावतात, त्यामुळे शेवटच्या सत्रात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतात.

आपल्याकडच्या माणसाला इथे पहिल्यांदा खटकते ती देवळाच्या दारातली तिकीटखिडकी. किंकाकुजी या सुवर्णमंदिराचे तिकीट ५०० येन आहे, आणि एवढे मोजूनही आत पाऊल टाकता येत नाही. सोन्याने मढवलेली वास्तू तळ्यापलीकडूनच पाहायची. मूळ वास्तू १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळली, आजची १९५५ सालची आहे. तिकीट म्हणून हातात पडतो तो मंगलवचने लिहिलेला ताईतवजा कागद. पुष्कळ लोक तो जपून घरी नेतात.

या तिकिटामागे इतिहास आहे. देवस्थानच्या इनाम जमिनी मराठी वाचकाला ठाऊक आहेतच. जपानी देवळांकडेही तशा जमिनी होत्या. १८७१ साली मेइजी सरकारने आवाराबाहेरच्या जमिनी काढून घेतल्या आणि देवळांचे उत्पन्न आटले. पुढे १९४७च्या राज्यघटनेने धर्मसंस्थांना सरकारी पैसा देण्यास मनाई केली. सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला अनुदान मिळते, पण रोजचा खर्च देवळाने स्वतःच भागवायचा.

आणि बागांना रोजचा खर्च फार. र्‍योआनजीच्या बागेत पाण्याचा थेंब नाही. पांढऱ्या खडीवर १५ दगड, आणि ओसरीत कुठेही बसलात तरी त्यातला एखादा नजरेआड राहतोच. त्या खडीवरच्या रेघा दाताळ्याने पुन्हापुन्हा ओढाव्या लागतात. साइहोजीत शेवाळ्याचे सुमारे १२० प्रकार आहेत. गर्दीने ते तुडवले जाऊ लागले तेव्हा १९७७ साली देवळाने सरसकट प्रवेश बंद केला. आता आगाऊ अर्ज करावा लागतो आणि किमान ४,००० येन मोजावे लागतात.

याच पैशावरून १९८५ साली भांडण पेटले. महापालिकेने देवदर्शनाला येणाऱ्या प्रत्येक प्रौढामागे ५० येन कर बसवला. बाग पाहणे ही उपासनाच आहे, तिच्यावर कर कसला, असे म्हणत नामांकित देवळांनी दारे लावून घेतली. पर्यटक फिरकेनासे झाले, हॉटेले आणि दुकाने हवालदिल झाली. अखेर १९८८ साली कर रद्द झाला. २०१८पासून महापालिका हा पैसा हॉटेलच्या बिलातून वसूल करते. देवळांच्या वाटेला न जाता तिने काढलेला हा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो.

सान्जूसान्गेन्दो मात्र चुकवू नका. तिथे कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती आहेत. त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या २८ रक्षकांत ब्रह्मदेव आणि इंद्र भेटतात, बासरी वाजवणारा गरुडही भेटतो. आत छायाचित्रे काढायला बंदी आहे. खिशात रोख येन ठेवा, कारण अनेक खिडक्यांवर कार्ड चालत नाही. आणि कियोमिझूला जायचे तर परिषदेआधीच जा, ते पहाटे सहालाच उघडते.