विंचचे पैसे कशासाठी मोजायचे?

पावसाळा तोंडावर आला की थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सीवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: विंच कुठली बसवायची? ९,५०० पौंडांची एक विंच ज्या किमतीला मिळते, तिच्या तिप्पट-चौपट किमतीला त्याच आकड्याची दुसरी मिळते. मग वरचे पैसे नावाचे की कामाचे? माझं मत आधीच सांगतो. एकदा ओढायला दोन्ही जवळपास सारख्या. फरक पडतो तो लागोपाठ चौथ्या-पाचव्या ओढीला, विंच पाण्याखाली जाऊन आल्यावर आणि पुढच्या वर्षी. या प्रसंगांत आपण कितीदा सापडणार, यावर निवड ठरते. आणि बहुतेकांनी विंचवर वाचवलेले पैसे दोर, कप्पी आणि वायरिंगवर घालावेत.

पाटीवरचा आकडा

९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो. पण हा आकडा जवळजवळ सगळा दोर सोडून ड्रमवर शेवटचा एकच थर उरलेला असतानाचा आहे. थर वाढले की ड्रमचा घेर वाढतो आणि प्रत्येक थरामागे ओढ साधारण दहा-बारा टक्क्यांनी उतरते. दोर बांधायचं झाड आठ-दहा मीटरवरच असेल तर ड्रमवर तीन-एक थर शिल्लक असतात आणि खरी ओढ सव्वातीन टनांच्या आसपास येते. महागड्या विंचचंही गणित हेच आहे.

ताकद मोजायची कशी, याला अमेरिकेत एसएई जे७०६ आणि युरोपात ईएन १४४९२-१ अशी मानकं आहेत. जबाबदार कंपनी प्रत्येक थराची ओढ, दोराचा वेग आणि लागणारा विद्युत प्रवाह यांचा तक्ता छापते. असा तक्ता नसलेली विंच मी घेणार नाही, ती कितीही स्वस्त असो.

गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकद, हा रूढ नियम. माणसं आणि सामान धरून थार सव्वादोन टनांपर्यंत जाते, म्हणजे तिला ९,५०० पौंड योग्य. जिम्नी भरून दीड टनाची, तिला ८,००० पौंड पुरे होतात.

चिखलाचा हिशोब

अमेरिकन लष्कराच्या वाहन-सुटकेच्या पुस्तिकेत रुतलेल्या गाडीसाठी एक सोपा ठोकताळा दिला आहे. चिखल चाकांपर्यंत असेल तर विरोध गाडीच्या वजनाइतका. मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट. त्याहून वर, केबिनपर्यंत गेला तर तिप्पट. आपली सव्वादोन टनांची थार मडगार्डपर्यंत बसली की साडेचार टनांचा विरोध उभा राहतो. म्हणजे ९,५०० पौंडांची विंच, स्वस्त असो वा महाग, एकेरी दोरावर कमीच पडणार.

इथे अनेक जण १२,००० पौंडांच्या विंचकडे वळतात. मला ते पटत नाही. नाकावर आणखी वजन येतं, प्रवाह जास्त लागतो आणि एवढं करून बाहेरच्या थरावर ओढ चार टनांच्या आसपासच मिळते. त्यापेक्षा एक चांगली कप्पी घ्या. दोर कप्पीतून फिरवून परत आपल्या गाडीच्या मजबूत हुकाला आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. घर्षणात थोडी जाते, तेवढीच. दुप्पट दोर सुटल्यामुळे ड्रमवरचे थर कमी होतात, तो फायदा वेगळाच. वेग निम्मा होतो, पण मोटरवरचा भारही निम्मा होतो. विंचच्या किमतीपुढे कप्पीची किंमत किरकोळ आहे, आणि स्वस्त विंचला दीर्घायुष्य देणारी तिच्याइतकी दुसरी वस्तू नाही. त्याआधी फावड्याने चाकांपुढची माती काढली आणि टायरमधली हवा उतरवली तर विरोध आणखी घटतो. निम्म्या वेळा मग विंचची गरजच राहत नाही.

वरचे पैसे जातात कुठे

सगळ्यात आधी मोटरमध्ये. चांगल्या विंचमध्ये बहुधा सिरीज-वाउंड मोटर असते. ती प्रवाह जास्त खाते, पण जड भार जास्त वेळ सोसते. बऱ्याच स्वस्त विंचमध्ये कायम चुंबकाची मोटर येते. ती बॅटरीवर बेताचा भार टाकते, पण लवकर तापते आणि फार तापली की चुंबकच अशक्त होतात. कोणतीही विद्युत विंच सतत चालवण्यासाठी नसते. एखादं मिनिट ओढायचं, मोटरला हात लावून पाहायचं, थांबायचं. स्वस्त विंचमध्ये हे थांबणं जास्त वेळ आणि जास्त वेळा लागतं. एकच गाडी काढायची असेल तर हरकत नाही. मागे सहा गाड्यांचा ताफा एकामागून एक रुतत असेल, तर त्या दिवशी महाग मोटरची किंमत वसूल होते.

दुसरा फरक ब्रेकचा. अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. भाराखाली दोर सोडताना, म्हणजे उतारावर गाडी हळूहळू खाली घेताना, तो तापतो आणि त्याची उष्णता ड्रमवाटे थेट दोराच्या सगळ्यात आतल्या थराला लागते. डायनीमासारख्या धाग्याचा कृत्रिम दोर साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सत्तर अंशांच्या वर फार वेळ राहिला तरी कमजोर होऊ लागतो. शिवाय हे नुकसान बाहेरून दिसत नाही. म्हणून कृत्रिम दोर लावणार असाल तर ब्रेक ड्रमच्या बाहेर आहे का, हे विचारून घ्या. उतारावर गाडी सोडायची वेळ वारंवार येत असेल, तर या एका कारणासाठी जास्त पैसे द्यायला माझी ना नाही.

तिसरं पाणी, आणि सह्याद्रीत हेच सगळ्यात जास्त महत्त्वाचं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. आयपी६८ म्हणजे त्याहून कठीण, कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या अटींवर. पण आपल्याकडे खरी परीक्षा ओढ्यात होते तेवढीच नंतरही होते. जून ते सप्टेंबर चिखल-पाणी खाल्लेली विंच पुढचे आठ महिने पार्किंगमध्ये निजलेली असते. स्वस्त सील आत गेलेला ओलावा धरून ठेवतं, मग मोटर गंजते आणि प्रवाह चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडचे संपर्कबिंदू खराब होतात. एखादा सोलेनॉइड चालू अवस्थेतच चिकटला तर बटण सोडल्यावरही विंच ओढत राहते, आणि हुकाजवळ कोणाचा हात असेल तर तो गेला. बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये हाताने तोडता येणारा जाड आयसोलेटर स्विच बसवणं म्हणूनच अत्यावश्यक आहे, दोन्ही प्रकारांत. दर महिन्याला दोन मिनिटं विंच चालवून पाहणंही तितकंच गरजेचं.

चौथी गोष्ट सुट्या भागांची. वॉर्न ही अमेरिकन कंपनी १९४८ साली युद्धातल्या शिल्लक जीपना लॉकिंग हब पुरवण्यापासून सुरू झाली आणि १९५९ मध्ये तिने हौशी चालकांसाठी विद्युत विंच आणली. तिची १९७४ ची ८२७४ ही उभी विंच आजही दुरुस्त होते, कारण तिचे भाग मिळतात. उलट, चीनमधल्या निंगबो परिसरात बनणारी एकच विंच वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. नाव बदललं की भाग कोणाकडे मागायचे, हा प्रश्न उरतो. सगळ्या चिनी विंच वाईट, असं मात्र नाही. चीनचीच रनव्हा अनेक देशांत वर्षानुवर्षं विकली जाते, आणि वॉर्नची व्हीआर इव्हो मालिका चीनमध्ये तयार होऊनही आयपी६८ दर्जाची आहे. मधल्या किमतीचा हा पर्याय अनेकांना पुरेसा ठरावा.

दोर आणि बॅटरी

स्वस्त विंचसोबत बहुधा पोलादी तार येते. ती घासाघीस सोसते, पण ताणात ऊर्जा साठवते आणि तुटली तर चाबकासारखी उलटते. तुटलेले तंतू हातमोजेही फाडतात. शक्य असेल तर चांगला कृत्रिम दोर घ्या. त्याच्यासोबत रोलर काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉज, म्हणजे दोराला वाट देणारं तोंड, बसवा, कारण तारेने खरवडलेल्या रोलरवर नवा दोर फाटतो. उन्हात तो कमकुवत होतो, म्हणून आवरण हवं. दोर कोणताही असो, ताणलेल्या दोरावर जाड ब्लँकेट किंवा डँपर टाकल्याशिवाय आणि बघ्यांना लांब केल्याशिवाय बटण दाबू नका.

बॅटरीचं गणित फार थोडे जण करतात. पूर्ण भारावर विंच चारशे अँपिअरच्या वर प्रवाह घेते आणि दोर मिनिटाला जेमतेम एक-दोन मीटर येतो. दहा मीटर ओढायला सात मिनिटं धरली तर पंचेचाळीसहून जास्त अँपिअर-तास गेले. अल्टरनेटर त्यातला काही भाग भरून काढतो, तोही इंजिन चालू असेल तरच. साठ-पासष्ट अँपिअर-तासांची जुनी बॅटरी असेल तर महागडी विंचही निरुपयोगी.

कोणी कोणती घ्यावी

गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणारे पुढे-मागे दोन विंच लावतात आणि त्या दिवसभर राबवतात. तिथे स्वस्त विंच म्हणजे पैसे पाण्यात. एकट्याने दूर जाणारे, ताफ्याचं नेतृत्व करणारे, पुरात मदतीला गाडी नेणारे, यांनीही वरची विंच घ्यावी, कारण तिथे विंच बंद पडली तर दुसरा उपाय नसतो. वर्षातून काही वेळा मित्रांसोबत जाणाऱ्याला मात्र तक्ता छापणाऱ्या, भाग मिळणाऱ्या मध्यम किमतीच्या विंचवर भागवता येतं. विंच कोणतीही असो, दोर बांधायला काहीतरी लागतं, आणि कोकणातल्या कातळसड्यावर मैलभर झाड नसतं. तिथे सोबतची दुसरी गाडी हाच आधार, आणि तो कोणत्याही विंचहून मोलाचा.

बंपर आणि कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा बदल करण्यावर बंधन घालतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. पोलादी बंपरमुळे एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते. म्हणून मूळ बंपरच्या मागे, थेट चॅसीला बोल्ट केलेल्या प्लेटवर बसणारी विंच निवडणं श्रेयस्कर. बदल करण्याआधी आरटीओकडे विचारून घ्यावं.

पहिल्या वापराआधी

नवी विंच दोर सैल गुंडाळून येते. तशीच वापरली तर भार पडताच वरचा थर खालच्या थरांत रुततो आणि दोर अडकतो. म्हणून हलक्या चढावर भक्कम झाडाला रुंद पट्टा बांधा, सगळा दोर सोडा, पण ड्रमवर तारेचे किमान पाच आणि कृत्रिम दोराचे आठ-दहा वेढे राहू द्या. गाडी न्यूट्रलला टाकून, एकाला ब्रेकवर हलका पाय ठेवायला सांगून, तिच्याच वजनाच्या ताणावर दोर वेढ्याला वेढा लावत गुंडाळून घ्या. त्याच वेळी मोटर किती तापते, आयसोलेटर नीट तोडतो का आणि गाडी थांबवल्यावर ब्रेक धरतो का, हे पाहून घ्या. काही बिघाड दिसला तर विंच वॉरंटीत असतानाच परत करता येते.