वाहून जाणारा, परत बसणारा साकव

आपल्या पाड्यांवर साकव म्हटले की दोन ओंडके किंवा सिमेंटचा स्लॅब डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडच्या नैऋत्येला एक्समूर या डोंगरपठारावर, बार्ल नदीवर ‘टार स्टेप्स’ नावाचा निव्वळ दगडांचा साकव आहे. १७ गाळे, लांबी सुमारे ५५ मीटर. चुना नाही, सिमेंट नाही, कमानही नाही. नदीत दगड रचून बुटके खांब केले आणि त्यांवर लांब फरशा आडव्या टाकल्या, एवढेच. काही फरशा दीड-दोन टनांच्या आहेत. त्या जागेवर राहतात त्या स्वतःच्या वजनाने.

त्याचे वय कोणी तीन हजार वर्षे सांगतात, कोणी मध्ययुगातले. मला दुसरे पटते. पण जे नदी वरचेवर उचलून नेते आणि माणसे परत बसवतात, त्याचे वय मोजायचे तरी कुठून?

लोककथेत मात्र हा पूल सैतानाने ऊन खात बसण्यासाठी बांधला. गावाने पाळकसाहेबांना पुढे केले. पुलाच्या मध्यावर दोघांची जुंपली, शिव्यांची देवाणघेवाण झाली आणि सैतानाने वाट सोडली. (आपल्या पाळकांनी यातले धैर्य तेवढे घ्यावे!)

पूल बुटका, म्हणून पुराचे पाणी त्याच्यावरून निघून जाते. खरी भीती वाहून येणाऱ्या झाडांची. ती फरशांना अडकतात, मागे पाणी तुंबते आणि फरशा उचलल्या जातात. म्हणून खांबांच्या टोकांना तिरपे दगड टेकवले आहेत, वरच्या अंगाला नदीवर लोखंडी दोर ताणला आहे. तरी १९५२ आणि २०१२ च्या पुरांत फरशा गेल्याच. पण त्यांना क्रमांक दिलेले आहेत. पूर ओसरला की त्या शोधायच्या आणि आपापल्या जागी ठेवायच्या.

आमच्या भागातल्या एका ओढ्यावरचा सिमेंटचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी खचला. त्याच्या नळांत ओंडके अडकले होते. नवा मंजूर होईपर्यंत पाड्यातल्या मंडळींनी उथळ जागी मोठे दगड टाकून वाट केली आहे. शाळेची मुले त्यावरूनच जातात. दगड सरकले की पंधरा-पंधरा दिवस शाळा बुडते.

यंदा मी पाड्यातल्या ज्येष्ठांबरोबर बसलो. मृगापूर्वी ओढ्यातली लाकडे कोणी काढायची, पूर ओसरल्यावर दगड कोणी पाहायचे, हे ठरले. नावे लिहून घेतली. पाणी दगडांवर चढले की मूल उतरणार नाही, हेही ठरले. पहारी आणि दोरखंड आपण द्यायचे आहेत.