मागच्या ओळीचे गायक

१९४४ साली उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकातील अमर शेखांचा बुलंद आवाज सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते मात्र निम्मे बळ मागच्या झीलकऱ्यांचे. अमेरिकेतील तरुण गायक पुढे नाक्यानाक्यावर निरर्थक अक्षरांवर स्वर धरीत. आपल्याकडे ‘जी जी’ हेच करी. शाहिरास दम घेता येई, श्रोताही नकळत गाऊ लागे. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे लोकनाट्य केले! त्यांच्या ‘माझी मैना’ छकडीतली ताटातूट एके काळी आगबोटीने मुंबईस माणसे धाडणाऱ्या जयगडास घरचीच वाटावी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गाजली. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख.